एमआर२ ओल्या वळणावर मागून सुटते? आधी हवा बघा, मग टायरची रुंदी

गाडी कोणती ते आधी सांगतो. टोयोटा एमआर२ची तिसरी पिढी, १९९९ मध्ये जपानात एमआर-एस नावाने आलेली आणि इथे ब्रिटनमध्ये एमआर२ रोडस्टर म्हणून विकली गेलेली. दोन सीट, उघडं छप्पर, १.८ लिटरचं इंजिन सीटच्या मागे आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या पुढे. वजन साधारण एक टन. २००७ मध्ये उत्पादन थांबलं, त्यामुळे आज रस्त्यावर असलेल्या बहुतेक गाड्या तीन-चार हातांतून गेलेल्या आहेत. प्रत्येक मालकाने मिळतील ते, परवडतील ते टायर टाकलेले असतात. ओळखीतल्या मंडळींच्या या गाड्या मी बघतो आणि एकच तक्रार पुन्हा पुन्हा ऐकतो. सस्पेन्शनवर पैसे घालायची तयारी करून माणूस येतो, आणि बहुतेक वेळा दुखणं टायरमध्येच निघतं.

लक्षणं

सगळ्यात ठळक लक्षण म्हणजे पावसात राउंडअबाउटवर ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की मागची बाजू एकदम बाहेर जाते. कोरड्या रस्त्यावर तीच गाडी शहाण्यासारखी वागते.

दुसरं, मोटरवेवर ताशी ६० मैलांच्या पुढे स्टिअरिंग हलकं लागतं, आडवा वारा आला की नाक भटकतं, हात सतत दुरुस्त्या करत राहतात. तिसरं याच्या उलट वाटतं: हळू वेगात, ओल्या टी-जंक्शनवर स्टिअरिंग फिरवलं तरी नाक सरळच पुढे सरकतं. एकाच गाडीत पहिलं आणि तिसरं दोन्ही दिसू शकतं, आणि तसं दिसलं तर पुढे-मागे हवा चुकलेली आहे असं मी धरूनच चालतो.

झीज बघूनही कळतं. मागच्या टायरची आतली कड गोटा झालेली आणि बाहेरच्या अर्ध्या भागात भरपूर नक्षी शिल्लक, किंवा पुढच्या टायरचा फक्त मधला पट्टा झिजलेला.

हे होतं कशामुळे

या गाडीचं साधारण ४२ टक्के वजन पुढे आणि ५८ टक्के मागे. बैलगाडीच्या भाषेत सांगायचं तर ही उलार गाडी. वळताना प्रत्येक टायर आपल्या तोंडाच्या दिशेपेक्षा थोडा तिरका चालतो. पुढचा जास्त तिरका चालला तर नाक बाहेर जातं, मागचा जास्त चालला तर शेपूट. मागे वजन जास्त म्हणजे वळणात मागच्या टायरवर ओढही जास्त, म्हणून त्यांना जास्त रुंदी आणि जास्त हवा लागते. इंजिनसारखी जड वस्तू गाडीच्या मध्याजवळ असल्यामुळे ही गाडी स्वतःभोवती फार चटकन फिरते. वळायला मजा येते ती त्यामुळे, आणि एकदा मागून सुटली की सावरायला वेळ मिळत नाही तेही त्यामुळेच.

आपल्यापैकी बहुतेकांचा हात मारुती ८००, सँट्रो, स्विफ्ट अशा गाड्यांवर बसलेला आहे. इंजिन पुढे, पुढचीच चाकं ओढणारी. तिथे वळणावर भीती वाटली की पाय काढायचा, नाक आत येतं, काम झालं. इथे पाय काढला की वजन पुढे सरकतं, पुढच्या टायरची पकड वाढते आणि नेमकी त्याच क्षणी मागच्यांची कमी होते. वर्षानुवर्षांची सवय एका दिवसात जात नाही. म्हणून टायर असे हवेत की पुढचे नेहमी मागच्यांच्या जरा आधी हार मानतील. खाली जे काही सांगतो आहे ते सगळं एवढ्या एका गोष्टीसाठी आहे.

पहिली तपासणी: थंड टायरची हवा

खर्च एका चांगल्या गेजचा. पेट्रोल पंपावरच्या यंत्रावर विसंबू नका, स्वतःचं गेज घ्या आणि कायम तेच वापरा. मोजायची वेळ सकाळची, गाडी रात्रभर उभी असताना, एका बाजूच्या टायरवर ऊन पडलेलं नसताना.

दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर आकडे आहेत: पुढे २६ पीएसआय, मागे ३२. टायरच्या दुकानातून आलेल्या गाडीत मला जवळजवळ नेहमी चारही चाकांना ३२ सापडते. त्या माणसाचा दोष काढत नाही. दिवसभर त्याच्यासमोर येणाऱ्या गाड्यांना पुढे-मागे सारखीच हवा चालते, किंवा पुढेच थोडी जास्त लागते.

या सहा पीएसआयने काय बिघडतं त्याचा हिशोब करून बघा. रिकाम्या गाडीत पुढच्या प्रत्येक टायरवर साधारण २१० किलो येतात, मागच्यावर २९०. टायर रस्त्याला किती जागेवर टेकतो हे ढोबळमानाने वजन भागिले हवेचा दाब असं निघतं. पुढे २६ म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला १.८३ किलो, तेव्हा टेकलेली जागा सुमारे ११५ चौरस सेंटीमीटर. मागे ३२ ला सुमारे १२९. आता पुढेही ३२ भरा: ११५ ची जागा ९३ वर येते. साइडवॉलचा, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीचा, ताठरपणा धरला तर आकडे थोडे हलतील, पण दिशा तीच राहते. पुढचा टायर मधल्या पट्ट्यावर उभा राहतो. स्टिअरिंगला पहिला प्रतिसाद चटकन मिळतो, त्यामुळे मोटरवेवर गाडी बावरल्यासारखी वाटते, आणि ओल्यात मात्र नाक सरकतं. दुसरं आणि तिसरं लक्षण एकत्र येतं ते इथून.

मागे हवा कमी असेल तर जास्त धोका. २६-२७ वर मागच्या साइडवॉल वळणात दुमडतात. सुरुवातीला मागचा भाग आळशीपणे मागून येतो, मग एकदम येतो. पुढे ३२ आणि मागे २८ असलेली गाडी मी पावसात चालवायला घेत नाही.

थंडी विसरू नका. २० अंश सेल्सिअसला भरलेली २६ हवा शून्य अंशाला साधारण २३ होते आणि मागची ३२ जेमतेम २९. सप्टेंबरमध्ये हवा भरली आणि थेट जानेवारीत तक्रार सुरू झाली, तर आणखी काही उघडण्याआधी हेच बघा. नायट्रोजन भरल्याने यातून सुटका नाही, तोही थंडीत तेवढाच आकसतो. आठवडा-दोन आठवड्यांत एकच टायर पुन्हा खाली गेला तर व्हॉल्व्हवर आणि रिमच्या कडेवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. जुन्या अलॉयवर रिमची कड गंजून तिथून हवा झिरपणं फार नेहमीचं आहे.

दुसरी: साइडवॉल वाचा

फुकटची तपासणी, आणि निम्म्या गाड्यांचं गुपित इथेच उघडं पडतं. चारही टायरवरचा आकार, कंपनी, मॉडेल आणि तारीख वहीत लिहा. तारीख डीओटी या अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकड्यांत असते: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. ती ओळ बऱ्याचदा आतल्या बाजूला असते, तेव्हा टॉर्च घेऊन चाकामागे वाकावं लागतं.

या गाड्या वर्षाला दोन-तीन हजार मैल चालतात. नक्षी भरपूर दिसते आणि रबर मात्र आठ-दहा वर्षांचं, कडक, बारीक भेगा पडलेलं. नख रोवून बघा. नव्या रबरात नख किंचित रुततं, म्हाताऱ्या रबरावर सरकतं. ओल्यात पकड देण्याची ताकद नक्षीच्या आधी रबर गमावतं.

कंपनी-मॉडेल का लिहायचं? मागचे टायर लवकर झिजतात, म्हणून माणूस मागची जोडी स्वस्तातली बदलतो आणि पुढे पूर्वीच्या मालकाने घातलेले चांगले टायर तसेच राहतात. झालं, पुढची पकड मागच्यापेक्षा वरचढ. मापं पुस्तकाप्रमाणे, हवा स्टिकरप्रमाणे, तरी पावसात शेपूट बाहेर. पुढे-मागे मापं वेगळी असल्यामुळे टायर पुढून मागे फिरवता येत नाहीत, हेही लक्षात घ्या. माझं म्हणणं स्पष्ट आहे: चारही एकाच मॉडेलचे घ्या. ते जमत नसेल तर जास्त पकडीचे, जास्त नवे टायर मागे असायलाच हवेत.

तिसरी: नक्षी

कायद्याने इथे किमान १.६ मिलिमीटर, टायरच्या मधल्या तीन-चतुर्थांश रुंदीत. वीस पेन्सचं नाणं खाचेत उभं घाला, त्याची बाहेरची किनार दिसली तर टायर संपत आला आहे. मी या गाडीत मागचे टायर ३ मिलिमीटरला काढतो. एक टनाची गाडी आणि तुलनेने रुंद टायर, म्हणजे साचलेल्या पाण्यावर ती लवकर तरंगायला लागते. आत, मध्ये आणि बाहेर असं तीन ठिकाणी मोजा. तीन आकड्यांतला फरक पुढे अलाइनमेंटच्या वेळी कामाला येईल.

चौथी: रुंदी

इथे जरा थांबायला हवं, कारण चुकीचे पैसे सगळ्यात जास्त इथे जातात.

मूळ मापं अशी: पुढे १८५/५५ आर१५, मागे २०५/५० आर१५. यात पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा साइडवॉलची उंची रुंदीच्या टक्क्यांत आणि शेवटचा रिमचा व्यास इंचात. २००३ च्या फेसलिफ्टपासून मागे २१५/४५ आर१६. वजनाचं प्रमाण आधीच्या हिशोबातलं, २९० ला २१०, म्हणजे १.३८ पट. मागची हवा पुढच्याच्या १.२३ पट, रुंदी १.११ पट. गुणाकार १.३६. कारखान्याने हवा आणि रुंदी मिळून मागचं जादा वजन असं जवळजवळ तंतोतंत पेललं आहे. यातली एक बाजू हलवली की दुसरीही हलवावी लागते.

याच्या आधीच्या पिढीत हे आणखी स्पष्ट दिसतं. १९८९ च्या एमआर२मध्ये पुढे १९५/६० आर१४ आणि मागे २०५/६० आर१४ होते, फरक १० मिलिमीटरचा. अचानक मागून सुटण्याबद्दल ती गाडी बदनाम झाली. १९९३ च्या मॉडेलला सस्पेन्शनमध्ये बदल झाले आणि टायर आले पुढे १९५/५५ आर१५, मागे २२५/५० आर१५. पुढची रुंदी तशीच, मागे २० मिलिमीटर जास्त. लोटस एलिसच्या दुसऱ्या पिढीत तर पुढे फक्त १७५ आणि मागे २२५. इतक्या नामांकित गाडीचा पुढचा टायर आपल्याकडच्या हॅचबॅकला शोभेल असा अरुंद, आणि तो मुद्दाम तसा आहे.

आता अडचण अशी की १८५/५५ आर१५ मध्ये चांगले टायर मिळणं कठीण झालं आहे. मग दुकानात तीन पर्याय पुढे येतात.

चारही २०५/५० आर१५: कृपा करून करू नका. एकच माप, स्वस्तात चारचा सेट, दिसायलाही भरीव. पण मागच्याला दिलेली रुंदीची सगळी मदत काढून घेतलीत. कोरड्यात स्टिअरिंग इतकं धारदार लागतं की माणूस खूश होतो, आणि पहिल्या पावसात त्याची किंमत मोजतो.

पुढे १९५/५५ आर१५: व्यास ५९५ मिलिमीटरच्या पुढे जातो, मूळ पुढचा ५८४ चा आणि मागचा ५८६ चा. नाक पाच-सहा मिलिमीटर वर उचललं जातं आणि पूर्ण वळवल्यावर टायर घासण्याची शक्यता. नको.

पुढे १९५/५० आर१५: व्यास ५७६, म्हणजे नाक चार मिलिमीटर खाली. रुंदीतला फरक २० वरून १० वर येतो. आदर्श नाही, पण तिघांत मी हाच घेतो, तीन अटींवर. चारही टायर एकाच मॉडेलचे, मागची जोडी पुढचीपेक्षा जुनी कधीच नाही, आणि मागची हवा ३२ च्या खाली कधीच नाही. भारांक, म्हणजे टायर किती वजन पेलतो ते सांगणारा मापापुढचा आकडा, पुढे ८२ आणि मागे ८६ च्या खाली जाऊ देऊ नका.

मूळ रिमवर मागे २२५ घालायचा मोह टाळा. मागचं रिम साडेसहा इंचाचं आहे. त्यावर २२५ चा टायर आत ओढला जातो, साइडवॉल फुगते आणि वळणात डुलते. रुंदी वाढवून पकड कमी करून घ्यायचा हा मार्ग.

माप बदललं तर विमा कंपनीला कळवा. एकाच अ‍ॅक्सलवर दोन वेगळी मापं असतील तर एमओटीत, म्हणजे ब्रिटनमधल्या वार्षिक तपासणीत, गाडी नापास होईल.

पुण्या-मुंबईत पोर्शे बॉक्स्टर किंवा केमन चालवणाऱ्यांनाही विचार हाच लागू पडतो, आकडे फक्त त्यांच्या स्टिकरचे घ्यायचे. उदाहरणार्थ १९९६ साली आलेल्या पहिल्या बॉक्स्टरला १६ इंची चाकांवर पुढे २०५ आणि मागे २२५, हवा पुढे २९ आणि मागे ३६. तिकडे हवा मोजायची ती पहाटे. दुपारी तापलेल्या टायरमधली हवा जास्त दिसते म्हणून काढाल, तर रात्री टायर कमी हवेवर चालतील.

पाचवी: हवेची बारीक जुळणी

टायर जुळते आणि ताजे असतील तरच हे करा. एका वेळी एकाच अ‍ॅक्सलची हवा, एकाच पीएसआयने. नाक फार सरकत असेल तर पुढे २६ ची २५ करून बघा. मागची बाजू उतावळी वाटत असेल तर पुढे २७ आणि मागे ३२ तशीच. मागची ३२ वरून ३४ पर्यंत नेता येते, त्यापुढे मधला पट्टा झिजू लागतो. बाहेरच्या कडेवर पातळ खडूची रेघ ओढून एक फेरी मारली की टायर किती दुमडतो ते दिसतं. खडू नक्षीच्या कडेपर्यंत पुसला गेला तर बरोबर, साइडवॉलवर उतरून पुसला गेला तर हवा कमी.

हे सगळं रोजच्या वेगात, नेहमीच्या रस्त्यावर जाणवतं. गाडी कुठे सुटते हे शोधायला सार्वजनिक रस्ता वापरू नका. त्यासाठी स्किड पॅन, म्हणजे मुद्दाम निसरडी केलेली सरावाची मैदानं आहेत, विमानतळाच्या जुन्या धावपट्टीवर प्रशिक्षणाचे दिवस असतात. तिथे प्रशिक्षक शेजारी बसवून पाय न काढण्याची सवयही लावून घेता येते, आणि तो खर्च कुठल्याही सुट्या भागापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

सहावी: अलाइनमेंट आणि खिळखिळे सांधे

इथून पुढे घरचं काम संपलं.

मागच्या टायरची आतली कड खाल्ली जात असेल तर मागचा टो, म्हणजे चाकं आत किंवा बाहेर बघण्याचा कोन, बिघडला आहे. मागची चाकं किंचित आत बघणारी असायला हवीत. ती बाहेर बघू लागली की वळणात मागची बाजू आपणहून वळायला लागते, मग कितीही चांगले टायर घाला. चारही चाकांची अलाइनमेंट करणाऱ्याकडेच जा आणि आधीचे-नंतरचे आकडे छापून मागा. फक्त पुढची चाकं जुळवणारा या गाडीच्या कामाचा नाही. टायरच्या आत-मध्ये-बाहेर मोजलेले आकडे त्याच्या हातात द्या.

जुळवलेली अलाइनमेंट काही महिन्यांत पुन्हा हलली, खड्ड्यावर मागून ठकठक येऊ लागली, वेग वाढेल तसा घरघर वाढत गेला, तर बुश, बॉल जॉइंट, स्टॅबिलायझर लिंक किंवा व्हील बेरिंग संपलेलं आहे. हे शोधायला गाडी लिफ्टवर घ्यावी लागते. रस्त्याकडेच्या जॅकवर गाडी उचलून तिच्याखाली वाकू नका. चाक काढलंच तर नट १०३ न्यूटन-मीटरला टॉर्क रेंचनेच आवळा.

काही गोष्टी दिसल्या तर वर सांगितलेला क्रम सोडा, गाडी उभी करा आणि मेकॅनिकला बोलवा: साइडवॉलवर फुगवटा, कुठेही उघडी पडलेली तार, साइडवॉलमध्ये पंक्चर, वाकलेलं रिम, किंवा हात सोडताच एका बाजूला ओढणारी गाडी जी हवा सारखी करूनही ओढतेच.

आणि ब्रिटनमधल्या गाडीत मागचा सबफ्रेम, म्हणजे मागचं सस्पेन्शन ज्याला बांधलेलं असतं ती धातूची चौकट. हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात आणि या मॉडेलचा मागचा सबफ्रेम त्याने आतून गंजतो. वरून काळा रंग शाबूत, आणि स्क्रूड्रायव्हरने ठोकलं की पापुद्रे निघतात. मागच्या सस्पेन्शनचे खालचे दांडे तिथेच बांधलेले असल्यामुळे तो मऊ पडला की मागच्या चाकांची दिशा वळणात बदलत राहते, आणि ड्रायव्हरला वाटतं टायर सुटतोय. अलाइनमेंटवाला बोल्ट फिरवायच्या आधी त्याला सबफ्रेम बघायला सांगा. गंज आरपार गेला असेल तर त्यावर पत्रा वेल्ड करून भागवू नका, सबफ्रेम बदलून घ्या, आणि अलाइनमेंटचे पैसे त्यानंतरच खर्च करा.